आधी अनुक्रमांकाचा रकाना वाचा: जुन्या पंजीतलं अक्षर ओळखायला शिकताना आणि यंत्राला शिकवताना

तीन वर्षांपूर्वी, सोयाबीनची सवंगणी चालू होती तेव्हा, शेजारच्या गावचा एक शेतकरी माझ्या ओसरीवर आला. हातात शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरच्या एका पानाची झेरॉक्स. "बाई, मले फक्त आजाचं जन्मसाल सांगा. कोतवाल पंजीची नक्कल काढाची हाय." कोतवाल पंजी म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. पोरीच्या जात पडताळणीसाठी त्याला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा हवा होता; इतर मागास वर्गासाठी तीच तारीख धरतात. मी चष्मा लावला, पान उजेडात धरलं आणि सांगितलं, १९१९. त्याने त्या सालच्या नकलेसाठी अर्ज केला, तालुक्याला दोन खेपा घातल्या, ऐन सवंगणीत दोन दिवस मोडले. नोंद निघाली नाही. साल १९११ होतं.

आर्वी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत मी ३१ वर्षं पहिलीचा वर्ग घेतला. १ आणि ९ वेगळे कसे ओळखायचे हे दरवर्षी शिकवलं. तरी माझ्या हातून ही चूक झाली आणि भुर्दंड दुसऱ्याला पडला. त्यानंतर मी जुनं अक्षर वाचायची माझी पद्धत बदलली. पुढे नागपूरला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या माझ्या भाच्याने तीच पद्धत संगणकाला शिकवायला वापरली. ज्यांच्या घरी अशा झेरॉक्स पडून आहेत त्यांच्यासाठी ती सविस्तर लिहिते.

उत्तर त्या चार आकड्यांतच होतं. सन एकोणीसशेच्या पुढचं आहे एवढं नक्की होतं. म्हणजे पहिला आकडा १ आणि दुसरा ९, यात शंका नाही. चौथा आकडा पहिल्यासारखा आहे की दुसऱ्यासारखा, एवढंच ताडून पाहायचं होतं. मी तो माझ्या डोक्यातल्या ९ शी ताडला. लिहिणाऱ्याच्या ९ शी ताडायला हवा होता.

ज्याचं उत्तर माहीत आहे तिथून सुरुवात

पंजी कोणतीही असो, आधी अनुक्रमांकाचा रकाना घ्या. नावाकडे बघू नका, कितीही उत्सुकता असली तरी. अनुक्रमांक १, २, ३ करत चढत जातात. तिथे कोणता आकडा लिहिलाय हे वाचावं लागत नाही, मोजलं की कळतं. पंचविसाव्या ओळीत २५ च असणार, मग तो ५ कितीही वाकडा असो. गणिताची चौकटीची वही घ्या, वर ० ते ९ लिहा आणि प्रत्येकाखाली त्या लेखनिकाचे पाच-पाच आकडे जसेच्या तसे उतरवा. सगळ्यांत सुबक ५ निवडायचा नाही. चांगला, घाईतला, शाई पसरलेला, टाक कोरडा पडलेला, असे पाचही वेगवेगळे हवेत. अर्ध्या तासात त्या माणसाचे दहाही आकडे तुमच्या हातात येतात.

मग अक्षरं, त्याच रीतीने. रकान्यांचे मथळे, मौज्याचं नाव, महिन्यांची नावं, मुलगा, मुलगी, वल्द. (अमुक वल्द तमुक म्हणजे तमुकाचा मुलगा अमुक.) हे शब्द प्रत्येक पानावर येतात आणि ते काय आहेत हे आधीच ठाऊक असतं. त्यांतून म, ल, ग, व, द मिळतात. प्रत्येक अक्षराला एक घर करा. ज्याचा नमुना मिळाला नाही ते घर रिकामं ठेवा. अंदाजाने भरलेलं घर पुढे शंभर नावं बिघडवतं.

मृत्यूच्या नोंदी हाती आल्या तर कारणाचा रकाना पाहा. १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात इन्फ्लुएन्झाच्या साथीने मध्य प्रांत आणि वऱ्हाडात घरंच्या घरं रिकामी केली. मी वाचलेल्या एका पंजीत त्या दिवसांच्या पानांवर एकच शब्द खालपर्यंत उतरत जातो: ताप, ताप, ताप. सुरुवातीला त टपोरा आहे, शिरोरेषा ओढलेली आहे, काना सरळ आहे. दोन पानं उलटली की शिरोरेषा गेलेली दिसते. आणखी पुढे काना आणि प चा दांडा एकमेकांवर चढलेले. शेवटी नुसत्या तीन-चार रेघा उरतात. लिहिणारा बहुधा रात्री, कंदिलाच्या उजेडात, दिवसभराची माणसं एका बैठकीत लिहीत असावा. ती पानं वाचताना मी दोनदा वही बंद करून उठले. पण एकाच हाताचं एकच अक्षर किती रूपं घेऊ शकतं हे मला त्याच पानांनी दाखवलं. प म्हणजे एक आकार नव्हे. त्या हाताने काढलेल्या सगळ्या प चा मिळून एक पट्टा असतो, आणि नवा आकार त्या पट्ट्यात बसतो की शेजारच्या, हे पाहायचं असतं.

फोटोबद्दल थोडक्यात सांगते. सकाळच्या तिरप्या उजेडात काढा, फ्लॅश नको, पान सपाट, मोबाईल पानाला समांतर. आधी मुखपृष्ठाचा आणि पान क्रमांकाचा फोटो. फाटक्या पानाला सेलोटेप लावू नका, अक्षर उठून दिसावं म्हणून पाण्याचं बोटही फिरवू नका. जुनी शाई जाते.

शिरोरेषा नसली की काय होतं

देवनागरीत काही जोड्या अशा आहेत की त्यांच्यातला फरक वरच्या रेघेजवळच राहतो. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य. ध, भ, थ यांच्या डोक्यावर गाठ असते आणि तिथे शिरोरेषा तुटते. घ, म, य वर ती अखंड जाते. आता घाईत लिहिणाऱ्याने शिरोरेषा ओढलीच नाही, तर ओळखीची अर्धी खूण पुसली गेली. मग राघो की राधो, सोमा की सोभा, हे ठरवायला फक्त गाठ उरते. अशा वेळी कोरड्या बोटाने अक्षर गिरवून पाहा: टाक कुठे टेकला, कुठे वळला, कुठे दाबला. गाठ काढताना हात थांबतो आणि शाई जाड होते. जाड ठिपका दिसला तर तिथे गाठ होती, भले ती भरून गेली असेल.

ख चं वेगळं दुखणं आहे. तो तुटला की र आणि व होतो. खरांगणा हे गावाचं नाव मी एकदा चार अक्षरांऐवजी पाच अक्षरं धरून कितीतरी वेळ शोधत बसले होते.

शब्द आधी पूर्ण पाहावा की अक्षर सुटं पाहावं? दोन्ही, पण क्रमाने. आधी सुटं. कारण डोक्यात एकदा नाव आलं की डोळा तेच वाचतो. घरच्या माणसाने "आमच्या आजाचं नाव नथ्थू होतं" असं सांगितलं की प्रत्येक ओळीत नथ्थू दिसायला लागतो. म्हणून मी आता नाव विचारतच नाही. वाचन झालं की शब्दापुढे तीनपैकी एक खूण करते: नक्की, बहुतेक, वाचता येत नाही. आणि दुसऱ्या कोणाला वाचायला देताना माझी वही झाकून ठेवते.

पहिलीच्या वर्गात हेच दिसायचं

वर्गात भिंतीवर तक्ता असतो: ग गणपतीचा, घ घराचा. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझी पोरं तक्ता धडाधडा वाचायची आणि मी खूश. एक दिवस चित्रांवर वही धरली, तर अर्ध्या वर्गाला अक्षर येईना. पोरं गणपती ओळखत होती, ग नाही. तेव्हापासून चित्र फक्त पहिल्या दिवसापुरतं.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा उमगली. आम्ही एक अक्षर आठवडाभर घोटायचो, मग दुसरं. तरी परीक्षेत भ चा म व्हायचाच. मग मी भ आणि म एकाच दिवशी, शेजारी शेजारी शिकवू लागले, आणि प्रश्न बदलला. "हे कोणतं अक्षर?" असं न विचारता "या दोघांत वेगळं काय?" असं विचारायचं. पोट्टे बोट ठेवून दाखवायचे, "बाई, याच्या डोक्यावर गाठ हाय." एकदा फरकावर बोट पडलं की तो सुटत नसे. मानसशास्त्रज्ञ एलेनर गिब्सन यांनी १९६० च्या दशकात हेच मांडलं होतं, की अक्षरं शिकणं म्हणजे त्यांच्यातले भेद टिपायला शिकणं. हे मला निवृत्तीनंतर भाच्याकडून कळलं. त्यानेच दुसऱ्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं: २००८ मध्ये कॉर्नेल आणि ब्योर्क या दोघांनी लोकांना वेगवेगळ्या चित्रकारांची चित्रं दाखवली. काही चित्रकारांची चित्रं एकेकाची सलग दाखवली, काहींची सरमिसळ करून. नवं चित्र कोणाचं हे सरमिसळीतून शिकलेल्या चित्रकारांच्या बाबतीत जास्त ओळखता आलं. गंमत अशी, की बहुतेकांना स्वतःला वाटलं सलग पाहिलेलंच चांगलं समजलं. आम्हा मास्तरांनाही तसंच वाटायचं. म्हणून जुन्या अक्षराचा सराव करताना एकाच लेखनिकाची दहा पानं संपवून पुढे जाऊ नका. दोन-तीन हात आलटून पालटून घ्या.

आणि लिहा. नुसतं पाहू नका. इंडियाना विद्यापीठात करिन जेम्स यांनी वाचायला न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना काही अक्षरं हाताने काढायला, काही गिरवायला आणि काही टाइप करायला लावली. नंतर मेंदूचे स्कॅन घेतले, तर वाचनासाठी लागणारे भाग हाताने काढलेल्या अक्षरांना जास्त जागे झाले. आमच्याकडे राखेत, पाटीवर, तुरीच्या दाण्यांनी अक्षर काढायची जुनी रीत आहेच. कोतवाल पंजीतलं वळण शिकताना मी साठी ओलांडून पुन्हा पाटी घेतली. लिहिणाऱ्याचा म मी वीसदा काढला, तेव्हा कुठे त्याचा हात कोणत्या बाजूने यायचा ते कळलं.

आता यंत्र

यंत्राला अक्षर दिसत नाही, आकडे दिसतात. चित्राचे बारीक चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोन किती उजळ किंवा काळा हे ० ते २५५ मधल्या एका आकड्याने सांगायचं. प्रत्येक चौकोनाला एक वजन, म्हणजे तो किती मोलाचा हे सांगणारा आणखी एक आकडा. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करायचा. सगळ्यांची बेरीज करून यंत्र अंदाज करतं. चुकलं की वजनं थोडी हलवायची आणि पुढचं चित्र द्यायचं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रँक रोझेनब्लॅट यांच्या मार्क १ पर्सेप्ट्रॉन या अशाच जुन्या यंत्रात २० बाय २० असे ४०० प्रकाशाचे डोळे होते. वजनं बदलायला छोट्या मोटरी होत्या, त्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करायच्या बटणासारखी बटणं फिरवायच्या. हे १९५० च्या दशकाच्या शेवटी. आज मोटरी नाहीत आणि थर पुष्कळ आहेत: आधीचे थर आडव्या-तिरप्या कडा पकडतात, पुढचे वळणं आणि गाठी. १९८९ मध्ये यान लकून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या टपालावरचे हाताने लिहिलेले पिनकोड अशा थरांच्या जाळ्याने वाचून दाखवले.

भाच्याने माझी चौकटीची वही पाहिली आणि म्हणाला, "मावशी, अनुक्रमांकाचा रकाना म्हणजे तयार लेबल लावलेला डेटा आहे." यंत्राला शिकवायचं म्हणजे चित्र आणि त्याचं खरं उत्तर अशी जोडी द्यावी लागते. ते उत्तर कोणीतरी बसून लिहावं लागतं, आणि तिथेच चुका शिरतात. अनुक्रमांकाला ते लिहावंच लागत नाही, मोजून मिळतं.

घरी करून पाहायचं असेल तर असं करा. पानांच्या फोटोंतून आकडे कापा. मोबाईलमधलं क्रॉप पुरतं. सुरुवातीला फक्त १ आणि ९ घ्या, प्रत्येकी पन्नासेक तुकडे, किमान पाच वेगवेगळ्या लेखनिकांचे. गुगलचं टीचेबल मशीन ब्राउझरमध्ये उघडतं, प्रोग्रॅमिंग लागत नाही. दोन वर्ग करायचे, तुकडे टाकायचे, ट्रेन दाबायचं. छापील मजकूर वाचायला टेसरॅक्ट नावाचा प्रोग्रॅम आहे, त्याला मराठी येतं, पण हस्ताक्षरापुढे ते अडखळतं. पूर्ण हस्तलिखित पानं वाचायला शिकवायची असतील तर ट्रान्सक्रायबस पाहा. मात्र आधी बरीच पानं तुम्हीच ओळीओळीने उतरवून द्यावी लागतात.

ज्या लेखनिकाची पानं परीक्षेला ठेवायची, त्याचा एकही तुकडा शिकवताना देऊ नका. आम्ही पहिल्यांदा सगळे तुकडे एकत्र करून त्यातले काही बाजूला काढले. यंत्र जवळजवळ सगळे बरोबर सांगायचं. नवी पंजी आणली आणि तेच यंत्र गडबडलं. ते हात ओळखत होतं, आकडा नाही. हस्ताक्षरातल्या आकड्यांचा एमनिस्ट हा प्रसिद्ध संच आहे, ६०,००० चित्रं शिकवायला आणि १०,००० परीक्षेला. त्यातही दोन्हीकडचे लिहिणारे वेगळे ठेवले आहेत.

ळ ची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. देवनागरी हस्ताक्षराचा एक मोठा संच फुकट मिळतो, नेपाळमध्ये तयार झालेला: ९२,००० चित्रं, ४६ चिन्हं, प्रत्येकी २,०००. त्यात क्ष, त्र, ज्ञ धरून ३६ व्यंजनं आणि दहा आकडे आहेत. स्वर नाहीत, आणि ळ नाही, कारण नेपाळीला तो लागत नाही. त्यावर शिकलेल्या यंत्रापुढे आम्ही 'बळीराम' मधला ळ कापून ठेवला. त्याने छ सांगितलं, अगदी ठामपणे. त्याला ४६ पैकी काहीतरी सांगणं भागच होतं. आमच्याकडे बळीराम, तुळशीराम, गोपाळ, माळी ही नावं पानोपानी असतात. ळ नसलेलं यंत्र विदर्भाच्या पंजीवर सोडणं म्हणजे अर्धी माणसं हरवणं.

मग आम्ही ळ गोळा करायला बसलो. जवळच एक पंजी होती, तिच्यातून सगळे कापले. यंत्र शिकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून भलत्याच अक्षरांना ळ म्हणू लागलं. शोधता शोधता कळलं, त्या पंजीचा कागद निळसर होता आणि यंत्राने निळा रंग पाठ केला होता. मला माझ्या वर्गातला गणपती आठवला. आम्ही सगळे तुकडे काळे-पांढरे केले आणि ळ सहा पंज्यांतून पुन्हा जमवले.

एका ठिकाणी मात्र पोर आणि यंत्र यांचे रस्ते वेगळे आहेत. पहिलीतली मुलं ३ चा ६ करतात, अक्षरं उलटी काढतात. तो आळस नव्हे. बैलाचं तोंड डावीकडे असो की उजवीकडे, बैल तोच, हे डोळा आयुष्यभर शिकलेला असतो. अक्षरापुरतं त्याला ते विसरावं लागतं. उलटं काढलं म्हणून मुलाला मारू नका. यंत्राला ही खोड नसते, पण आपण लावू शकतो. काही सॉफ्टवेअरमध्ये नमुने वाढवण्यासाठी चित्र आरशासारखं उलटवायची सोय असते, फ्लिप नावाची. ती बंद ठेवा. थोडं तिरपं करणं, जाड-बारीक करणं चालतं.

आणखी दोन कामं करा. शाईचे डाग, कसरीने खाल्लेली भोकं, शिक्क्याचे तुकडे यांचा स्वतंत्र वर्ग ठेवा, नाहीतर यंत्र भोकालाही ० म्हणतं. आणि खात्री कमी असेल तर उत्तर न देता तुकडा बाजूला टाकायला सांगा. कितीपेक्षा कमी, हे तुमच्याच परीक्षेच्या तुकड्यांवर ठरवा. यंत्र कशाला काय समजतं याचा तक्ता काढा. आमच्या तक्त्यात सगळ्यांत वर १ आणि ९ होते.

त्या शेतकऱ्याची १९११ ची नोंद पुढे मिळाली. त्यात बापाचं नाव सोमा होतं की सोभा, यावर अडलं. शिरोरेषा नाही, शाई फुटलेली. यंत्राने तो तुकडा बाजूला टाकला. मीही 'बहुतेक' अशी खूण केली. मग त्याच ओळीत पुढे पाहिलं. तिथे 'मुलगा' लिहिलं होतं, त्याच हाताने, त्याच टाकाने, बहुधा त्याच मिनिटात. भिंगाखाली दोन्ही अक्षरं शेजारी धरली. दोन्हीकडे टाक खालून वर येऊन न थांबता वळला होता, गाठ नव्हती.

"सोमा," मी म्हणाले.

"कशावरून म्हणता बाई, ते बी लिहून द्या," तो म्हणाला. मी वहीतून दोन्ही म उतरवून त्याच्या झेरॉक्सच्या मागे काढून दिले.